खुलासा: परीक्षेच्या सकाळची पोटदुखी ढोंग नसते

‘पेपर आला की बरं पोटात दुखतं!’ हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ऐकवलं जातं. त्यामागचा समज चुकीचा आहे. भीती वाटली की मेंदू शरीराला धोक्याची सूचना देतो, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, पचन मंदावतं, आतड्यांची हालचाल बिघडते. मूल सांगतं ती कळ खरीच असते. रविवारी ती थांबते म्हणून ढोंग उघडं पडत नाही. त्या दिवशी भीतीचं कारण समोर नसतं, एवढंच. (झोपेतून उठवणारी कळ, ताप किंवा घटतं वजन असेल तर मात्र आधी डॉक्टर.)

रागावून उपयोग नाही आणि रोज घरी ठेवल्यानं भीती वाढतेच. थोडा वेळ का होईना, ओळखीच्या बाईंच्या वर्गात बसू द्यावं. पण त्या बाईंनाही सवड हवी ना? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामं देण्यास मनाई करतं. ते पाळलं जावं, असं मला कळकळीनं वाटतं. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक पालकांइतकाच शिक्षकांसाठीही आहे.