मातेच्या दुधातील प्लास्टिकजन्य रसायने

प्लास्टिक मऊ, टिकाऊ किंवा अग्निरोधक व्हावे म्हणून त्यात घातलेली काही रसायने आईच्या शरीरातून अंगावरच्या दुधात उतरतात आणि तान्ह्या बाळाच्या पोटात जातात. प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट, कठीण प्लास्टिकात वापरले जाणारे बिस्फेनॉल-ए आणि आग रोखणारी, ब्रोमीनयुक्त पीबीडीई ही यांत प्रमुख आहेत. थॅलेट व बिस्फेनॉल-ए शरीराबाहेर लवकर पडतात, बहुतांशी लघवीवाटे. पण रोजच्या वापरातून ती पुन्हा पुन्हा आत येत राहतात. पीबीडीईचे तसे नाही. ती चरबीत वर्षानुवर्षे साठतात आणि दुधातल्या स्निग्धांशाबरोबर बाहेर येतात. सुरुवातीच्या महिन्यांत बाळ वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १५० मिलिलिटर दूध पिते. त्यामुळे दुधातले प्रमाण अगदी अल्प असले तरी वजनाच्या हिशेबाने बाळाच्या वाट्याला मोठ्या माणसापेक्षा बरेच जास्त येते.

या विषयातला सर्वांत बोलका पुरावा स्वीडनचा आहे. स्टॉकहोममधील मातृदुग्ध केंद्राचे गोठवून जपलेले नमुने कॅरोलिन्स्का संस्थेच्या कोइदू नोरेन व दाइवा मेइरोनिते यांनी तपासले. १९७२ मध्ये दुधाच्या दर ग्रॅम स्निग्धांशात ०.०७ नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग) असलेली पीबीडीई १९९७ पर्यंत ४.०२ वर गेली होती. म्हणजे दर पाच वर्षांनी जवळजवळ दुप्पट. टीव्ही-संगणकांची आवरणे आणि सोफ्यांचा फोम यांत ही द्रव्ये सर्रास वापरली जात होती. त्याच काळात, निर्बंध आलेल्या डीडीटी (कीटकनाशक) व पीसीबी (विद्युत उपकरणांत वापरली जाणारी रसायने) यांचे प्रमाण मात्र त्याच नमुन्यांत घटत गेले. युरोपीय संघाने २००४ पासून पेंटा व ऑक्टा या पीबीडीई मिश्रणांवर बंदी घातली. २००९ मध्ये ती, दीर्घकाळ न विघटणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत आली आणि भारताने २०१८ च्या नियमांनी त्यांचे उत्पादन व वापर बंद केला.

सूक्ष्म प्लास्टिककणांचा शोध अलीकडचा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात ३४ पैकी २६ मातांच्या दुधात असे कण सापडले. बाळाच्या प्रकृतीवर त्यांचा परिणाम काय, हे त्या अभ्यासाने तपासलेले नव्हते. पीबीडीईचा मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम अधिक अभ्यासला गेला आहे, पण त्यातही मुख्य पुरावा गर्भावस्थेतील संपर्काचा आहे.

अशा बातम्या वाचून अंगावरचे दूध तोडणे हा घातक उपाय आहे. पहिले सहा महिने केवळ स्तनपान, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला कायम आहे. शिवाय वरचे दूध बहुधा प्लास्टिकच्या बाटलीतूनच दिले जाते: २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांना पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांतून दर लिटरला १.६ कोटींपर्यंत कण सुटताना दिसले, आणि पाणी जितके गरम तितके ते जास्त होते. दोष आईच्या पदरात घालणे अन्यायाचे आहे, कारण सोफ्यात काय भरले आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१५ च्या मानकानुसार दूध पाजण्याच्या प्लास्टिक बाटल्या बिस्फेनॉल-ए विरहित असणे आवश्यक आहे, तर दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्यानेच मनाई आहे.