निकटसंपर्कातील श्वसनविषाणू प्रसार

श्वसनमार्गाच्या विषाणूने बाधित झालेल्या व्यक्तीकडून तिच्या सहवासातील माणसांकडे होणारा संसर्ग. गोवर, कांजिण्या, गालगुंड, इन्फ्लूएन्झा आणि कोव्हिड-१९ हे रोग प्रामुख्याने असे पसरतात. हा प्रसार मोजण्याचे रूढ माप म्हणजे दुय्यम बाधादर. घरात किंवा वसतिगृहात पहिला रुग्ण आढळल्यानंतर, उबवणकाळाच्या (संसर्ग होण्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाच्या) एका फेरीत, उरलेल्या ग्रहणक्षम (त्या रोगाची प्रतिकारशक्ती नसलेल्या) व्यक्तींपैकी शेकडा किती आजारी पडल्या ते हा दर सांगतो.

या मापाच्या जनकत्वाबाबत एकवाक्यता नाही. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्य अधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घटसर्प व लोहितांग ज्वर (स्कार्लेट फीव्हर) यांच्या घरोघरच्या नोंदी ठेवल्या. पद्धतीचे श्रेय बहुधा त्यांना दिले जाते. तिला गणिती शिस्त आली ती जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट यांच्यामुळे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या गावी वैद्यकी करणारे एडगर होप-सिम्पसन यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेले कौटुंबिक आकडे आजही प्रमाण मानले जातात : गोवर सु. ७६%, कांजिण्या ६१%, गालगुंड ३१%.

हा दर विषाणूचा अंगभूत गुण समजणे चुकीचे आहे. संपर्क कोणाला म्हणायचे यावर भाजक (एकूण संपर्कांची संख्या) ठरतो आणि भाजक बदलला की दरही बदलतो. कोव्हिडच्या साथीत अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सहा फुटांच्या आत सलग पंधरा मिनिटे, अशी मर्यादा घातली होती. व्हर्मांटमधील एका तुरुंगातील कर्मचाऱ्याला आठ तासांच्या पाळीत बाधित कैद्यांशी सुमारे बावीस ओझरत्या भेटी घडल्या. सगळ्या मिळून सतरा मिनिटांच्या. एकही भेट पंधरा मिनिटांची नव्हती, तरी तो बाधित झाला. त्यानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये ‘सलग’ची अट जाऊन चोवीस तासांतील एकूण वेळ धरला जाऊ लागला. तरीही सहा फुटांची रेघ राहिलीच.

ही रेघ कोठून आली, हा या विषयातील सर्वांत जुना वाद आहे. ब्रेस्लाउ येथील कार्ल फ्ल्यूगे यांनी १८९० च्या दशकात बोलताना-खोकताना उडणाऱ्या तुषारांतील जंतू दाखवून दिले. चॅपिन यांनी १९१० च्या ग्रंथात हवेतून दूरवर होणारा संसर्ग जवळपास नाकारला आणि भर स्पर्श व समीपता यांवर दिला. दुर्गंधीयुक्त हवेने रोग होतात ही जुनी समजूत मोडून काढणे त्या काळी निकडीचे होते, हे लक्षात घेतले पाहिजे. विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये वेगळे चित्र मांडले : सुमारे १०० मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान थेंब जमिनीवर पडण्याआधीच सुकतात आणि त्यांतील जंतुयुक्त कण खोलीत तरंगत राहतात. पुढे प्रमाणग्रंथांत खाली पडणारे थेंब व तरंगणारे कण यांमधील ही सीमा ५ मायक्रॉन झाली. फुप्फुसाच्या खोल भागात पोचून क्षयरोग घडवू शकणाऱ्या कणांचे माप आणि हवेत तरंगणाऱ्या कणांचे माप यांची गल्लत झाली असावी, असे २०२१ मधील एका ऐतिहासिक शोधात मांडले आहे. ते पटण्याजोगे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्ये कोव्हिड वायुजन्य नसल्याचे जाहीर केले. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले. संघटनेने २०२४ मध्ये ‘हवेतून पसरणारे’ ही व्यापक संज्ञा स्वीकारली. थेंब की हवा हा भेद एवढ्या काळ टिकला त्याचे एक कारण म्हणजे जवळ बसलेल्या माणसाला दोन्ही मार्गांनी बाधा होते. केवळ अंतर पाहून मार्ग ठरवता येत नाही.

स्थळानुसार फरक पडतो तो मुख्यतः हवा आणि वेळ यांमुळे. अलास्कात १९७७ साली बिघाडामुळे एक विमान सुमारे तीन तास जमिनीवर थांबले, वायुवीजन बंद होते. ५४ प्रवासी व कर्मचाऱ्यांत एक फ्लूचा रुग्ण होता आणि बाकीच्यांपैकी ७२% तीन दिवसांत आजारी पडले. वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी अडीच तासांच्या समूहगायनाच्या सरावाला ६१ जण जमले, त्यांतील ५३ कोव्हिडने आजारी पडले, दोघे दगावले. चीनच्या चच्यांग प्रांतात त्याच वर्षी १९ जानेवारीला एका धार्मिक कार्यक्रमाला दोन बस गेल्या. त्यांतील एकीत बाधित प्रवासी होता. खिडक्या बहुतांशी बंद आणि वातानुकूलन आतलीच हवा फिरवणारे. ६७ पैकी २३ सहप्रवाशांना बाधा झाली, पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंना. मात्र उघडणाऱ्या खिडकीजवळ बसलेले बरेचसे वाचले. दुसऱ्या बसमध्ये कोणालाच लागण झाली नाही.

कोव्हिडचा घरातील दर यामानाने कमी दिसतो. २०२० अखेरच्या एकत्रित विश्लेषणात तो सु. १७% आला, पती-पत्नींत ३८%. ओमिक्रॉननंतर तो बराच वाढला. तमिळनाडू व आंध्र प्रदेशातील सुमारे पावणेसहा लाख संपर्कांच्या पाहणीत, ज्यांच्या संपर्कांची तपासणी झाली अशा रुग्णांपैकी ७१% जणांकडून कोणालाही बाधा झाल्याचे आढळले नाही. मोजक्या रुग्णांकडूनच पुष्कळांना लागण होते, ही बाब सरासरी दराखाली झाकली जाते.

भारतीय पाहण्यांत आणखी एक अडचण आहे. जनगणनेत एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. धारावीतील खोल्यांत चूल स्वतंत्र असली तरी भिंत, बोळ आणि शौचालय सामाईक असते. शौचालयाच्या रांगेत भेटणारे शेजारी कागदोपत्री ‘घराबाहेरचे’ ठरतात. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांच्या प्रतिपिंड (संसर्गानंतर रक्तात तयार होणारी रोगप्रतिकारक प्रथिने) पाहणीत झोपडपट्टीत सु. ५७% आणि इतर वस्तीत १६% लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. दाटी आणि सामाईक शौचालये हे त्याचे संभाव्य कारण सांगितले गेले. अशा वस्तीत कुटुंबाऐवजी एक शौचालय वापरणारी सर्व घरे मिळून एक गट मानून बाधादर काढणे अधिक उचित ठरेल.