प्रसूतीची पूर्वलक्षणे

गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत प्रसूती जवळ आल्याचे किंवा सुरू झाल्याचे सुचवणारे शारीरिक बदल. पोट खाली उतरणे, कंबर व ओटीपोट दुखणे, रक्ताची छटा असलेला चिकट स्राव जाणे, पाणमोट फुटणे आणि ठरावीक अंतराने कळा येणे ही त्यांतील प्रमुख लक्षणे होत. यांपैकी एखादे सुटे लक्षण पुरेसे नसते. गर्भाशयाचे तोंड पातळ होऊन उघडू लागले आहे, हाच निर्णायक पुरावा. तो तपासणीतूनच मिळतो. परिणामी प्रसूती नेमकी केव्हा सुरू झाली, हे बहुधा मागाहून ठरवले जाते.

प्राचीन वैद्यकातील वर्णन : चरकसंहिता व सुश्रुतसंहिता या दोन्हींच्या शारीरस्थानांत (शरीरविषयक भागांत) आसन्नप्रसवेची, म्हणजे प्रसूती जवळ आलेल्या स्त्रीची, लक्षणे दिली आहेत. या ग्रंथांचा काळ निश्चित नाही. इसवी सनाच्या आगेमागे काही शतकांत, अनेक हातांनी त्यांना आजचे रूप आले, असे मानणे सुरक्षित. चरकाची यादी गळाठलेले अंग, कोमेजलेला चेहरा व शिथिल डोळे यांपासून सुरू होते. पोट खाली सरकणे, खालच्या भागात जडपणा, जांघा-कंबर-पाठीत टोचल्यासारखे दुखणे, स्राव व अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे त्यानंतर येतात. ‘आवी’ म्हणजे कळा व गर्भोदक (गर्भाभोवतीचे पाणी) यांचा क्रम या सर्वांनंतरचा. सुश्रुताने वारंवार शौचास व लघवीस होणे आणि योनिमुखातून श्लेष्मा येणे यांचीही नोंद केली आहे. आजच्या पाठ्यपुस्तकांतील चिकट स्राव तो हाच.

सुश्रुताने सांगितलेल्या ‘मुक्त हृदयबंधना’चा अर्थ वादग्रस्त आहे. गर्भाचे हृदय मातेच्या हृदयाशी जोडलेले असते या कल्पनेला धरून ‘तो संबंध सुटणे’ असा एक अर्थ लावता येतो. चरकाच्या समांतर वचनात मात्र छातीचे बंधन सुटल्यासारखे वाटणे असे शब्द आहेत. गर्भाचे डोके ओटीपोटात उतरल्यावर फासळ्यांखालचा दाब कमी होऊन श्वास मोकळा होतो, या अनुभवाशी ते अधिक जुळतात. दुसरा अर्थ स्वीकारण्यास त्यामुळे हरकत दिसत नाही.

प्रसवकाळ : चरकाच्या मते नवव्या महिन्याच्या प्रारंभापासून दहाव्याच्या अखेरीपर्यंत प्रसवकाळ असतो, त्यापुढे गर्भ राहणे विकृती होय. सुश्रुताने अकरावा व बारावा महिनाही स्वाभाविक धरला आहे. महिना चांद्र की सौर आणि मोजणी कोठून, या प्रश्नांवर या तफावतीचा उलगडा बराच अवलंबून आहे. लोकांच्या तोंडचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ हे गणित मात्र आश्चर्यकारकरीत्या जवळ जाते. जर्मन प्रसूतिशास्त्रज्ञ फ्रांझ नेगेले (1778–1851) यांच्या नावाने चालणाऱ्या नियमात शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने व सात दिवस मिळवतात, म्हणजे सुमारे 280 दिवस होतात. नेगेले यांनी आधार घेतला तो अठराव्या शतकातील डच वैद्य बूरहावे यांचा. सात दिवस पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे की शेवटच्या, हे मूळ मांडणीत स्पष्ट नव्हते असे काही अभ्यासकांनी दाखवले आहे. पुढे पहिला दिवस रूढ झाला. हा घोळ खरा मानला, तर जगभरच्या तारखा काही दिवस अलीकडे सरकलेल्या आहेत. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी तारखेसाठी अधिक भरवशाची. उशिरा केलेल्या सोनोग्राफीतील तारखेत चूक वाढत जाते. दिलेल्या तारखेलाच जन्मणारी मुले शंभरात साधारण चार-पाच असतात. 37 आठवडे पूर्ण झाल्यानंतर 42 आठवड्यांपर्यंतची प्रसूती कालप्राप्त (पूर्ण दिवसांची) समजतात.

कळा का सुरू होतात : गर्भ स्वतःच बाहेर पडण्यासाठी धडपडतो हे मत ग्रीक वैद्यकाइतके जुने आहे. विसाव्या शतकात लक्ष संप्रेरकांकडे (हार्मोन्सकडे) वळले. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोषग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ हेन्री डेल यांनी 1906 मध्ये दाखवले. त्यातील ऑक्सिटोसिनचे संश्लेषण व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी 1953 च्या सुमारास केले. 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. तथापि ऑक्सिटोसिन हे कळांना जोर देणारे द्रव्य आहे; आरंभ तेच करते असे म्हणणे कठीण. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाला शांत ठेवते व त्याचा धाक ओसरला की कळा सुरू होतात, ही चापो यांची 1950 च्या दशकातील उपपत्ती. न्यूझीलंडचे लिगिन्स यांनी मेंढ्यांवरील प्रयोगांतून गर्भाच्याच अधिवृक्क (मूत्रपिंडावरील) ग्रंथीतील कॉर्टिसॉल हे संप्रेरक कळांचा आरंभ घडवून आणते, असे दाखवले. ग्रीक मताला हा एक प्रकारे दुजोराच म्हणायचा. पण मेंढीला लागू पडलेले स्त्रीला जसेच्या तसे लागू पडत नाही : स्त्रीच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन कळांपूर्वी घटत नाही. ते असूनही गर्भाशय त्याला दाद देईनासे होते, आकुंचनाला चालना देणारी प्रोस्टाग्लँडिने वाढतात, गर्भाशयाचे तोंड मऊ पडते, असा क्रमिक बदलाचा विचार आज अधिक ग्राह्य वाटतो. पूर्वलक्षणे आठवडाभर रेंगाळतात त्याची संगतीही त्याने लागते. पौर्णिमा-अमावास्येला कळा लागतात हा समज सर्वदूर आहे. जन्मनोंदींच्या मोठ्या अभ्यासांत त्याला पुष्टी मिळालेली नाही.

लक्षणे : पहिलटकरणीचे पोट प्रसूतीआधी दोन-चार आठवडे उतरते, पुढच्या खेपांना ते कळा लागल्यावरही उतरू शकते. श्वास सुटतो, पण लघवीला वरचेवर जावे लागते. चिकट स्राव कळांच्या काही तास किंवा काही दिवस आधी जातो. ताजे, वाहते रक्त हा स्राव नव्हे.

खोट्या कळांचे वर्णन इंग्लिश वैद्य जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी 1872 मध्ये केले. त्यांना खोट्या म्हणणे तसे अन्यायाचेच, कारण गर्भाशय खरोखरच आकुंचन पावत असते. त्या अनियमित असतात, बहुधा पोटाच्या पुढच्या भागातच जाणवतात, कूस बदलल्यावर, चालल्यावर, पाणी प्यायल्यावर शमतात. मुंबईच्या मे आणि ऑक्टोबरमधील उकाड्यात शरीरातील पाणी कमी झाल्यानेही त्या वाढतात. खऱ्या कळा कमरेतून पुढे येतात, त्यांच्यातील अंतर घटत जाते, जोर व अवधी वाढतो आणि विश्रांतीने त्या थांबत नाहीत. कळेच्या मधल्या वेळेत पोट सैल पडते. ते दगडासारखे कडक राहून सतत दुखत असेल, तर ती साधी कळ समजू नये.

पाणमोट कळांआधीच फुटण्याचे प्रमाण पूर्ण दिवसांच्या गर्भारपणांत शंभरात आठ-दहा आहे. लोंढा येतोच असे नाही. सतत पाझरणारे पाणी लघवी समजून सोडून दिले जाते. पाणी हिरवट वा तपकिरी असल्यास गर्भाने पोटातच शी केलेली असते. कळा नसल्या तरी पाणी गेल्यावर घरी थांबू नये.

आरंभाची सीमा : न्यूयॉर्कचे इमॅन्युएल फ्रीडमन यांनी 1950 च्या दशकात प्रसूतीचा आलेख काढला. त्यावरून गर्भाशयाचे तोंड 3–4 सेंमी. उघडल्यावर सक्रिय अवस्था, म्हणजे तोंड वेगाने उघडण्याचा टप्पा, सुरू होते, असे अर्धशतकाहून अधिक काळ शिकवले गेले. 2010 मध्ये झांग व सहकाऱ्यांच्या विश्लेषणाने ही सीमा 6 सेंमी.च्या आसपास नेली. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या शिफारशींत 5 सेंमी. धरले. फरक एक-दोन सेंमी.चा वाटला, तरी ‘प्रगती थांबली’ असे ठरवून शस्त्रक्रिया केव्हा करायची ते त्यावर अवलंबून असते. पहिल्या खेपेला सुप्तावस्था (सक्रिय अवस्थेआधीचा संथ टप्पा) दीर्घ, कधी दिवसाहूनही अधिक असते हे ध्यानात घेता, सीमा पुढे नेणेच युक्त दिसते. ‘पिशवीचं तोंड दोन बोटंच उघडलंय, घरी जाऊन या’ हे उत्तर मुंबईच्या प्रसूतिकक्षांत नेहमी ऐकू येते. नातेवाइकांना ते हेळसांड वाटते, वस्तुतः अनेकदा ते शास्त्राला धरून असते.

मुंबईतील परिस्थिती : शहरात घरची बाळंतपणे सुईणी करीत. स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय 1886 मध्ये व परळचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह 1926 मध्ये सुरू झाल्यावर, तसेच महापालिकेची प्रसूतिगृहे वाढल्यावर, लक्षणे ओळखणे हा ‘केव्हा निघायचे’ याचा प्रश्न बनला. पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे, हा पहिलटकरणीसाठीचा प्रचलित आडाखा. नाव परळला घातलेले आणि घर विरार वा बदलापूरला, अशा शहरात तो जसाच्या तसा चालत नाही; प्रवासाचा वेळ वजा करावाच लागतो, आणि दुसऱ्या खेपेची स्त्री याहून आधी निघालेली बरी. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिमी. पाऊस झाला, तेव्हा हा हिशेबच कोलमडला होता. उपनगरी गाडीत दिव्यांगांच्या डब्यातून गर्भवतींना प्रवास करता येतो. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे.

पगारी रजेचाही येथे संबंध येतो. मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा 1929 मध्ये झाला. 2017 च्या केंद्रीय दुरुस्तीने रजा 26 आठवडे झाली. तीतील जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. बाळासाठी रजा राखून ठेवण्याकडे कल असल्याने पहिली कळ कचेरीत वा गाडीत येणे नवलाचे नाही. याउलट माहेरी जाणाऱ्या सातव्या-आठव्या महिन्यातच कोकणात वा घाटावर जातात. त्यांनी तपासणीची फाईल व माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर ठेवणे अगत्याचे आहे.

अकाली व धोक्याची लक्षणे : प्रसूती जवळ आली की बाळाची हालचाल कमी होते हा समज चुकीचा आहे, कमी झालेली हालचाल तत्काळ तपासावी. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, नजर अंधुक होणे, चेहऱ्यावर अचानक सूज यांनाही हेच लागू. 37 आठवड्यांपूर्वी नियमित कळा आल्यास वाट पाहू नये. गर्भाशयाचे तोंड कळांशिवायच उघडून गर्भ पडत असल्यास ते टाक्याने आवळण्याची शस्त्रक्रिया मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील विठ्ठल नागेश शिरोडकर (1899–1971) यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केली; ‘शिरोडकर टाका’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. योनिमार्गे प्रसूती व्हायची असल्यास टाका साधारण 36–37 आठवड्यांना काढतात. त्याआधी कळा लागल्या तर तोंड फाटू नये म्हणून तो ताबडतोब काढावा लागतो. त्यामुळे टाका घातलेल्या स्त्रीने कळांमधील अंतर मोजत बसू नये.