प्लूटोवरचा वारा कोण ठरवतं?

प्लूटोला हवा आहे की नाही, हे १९८८ पर्यंत ठामपणे सांगता येत नव्हतं. १९७६ साली त्याच्या पृष्ठभागावर मिथेनचा बर्फ सापडला होता, त्यामुळे थोडीफार वाफ असणार असा कयास होता, इतकंच. ९ जून १९८८ ला प्लूटो एका ताऱ्यासमोरून सरकला. मधे नुसता कोरडा गोळा असता तर तारा एका क्षणात गडप झाला असता. तो मंद होत होत विझला. विमानात बसवलेल्या कायपर दुर्बिणीतून जेम्स एलियट यांच्या चमूने हे टिपलं आणि प्रश्न सुटला. १९९२ मध्ये नायट्रोजनचा बर्फही दिसला आणि ही हवा मुख्यतः कशाची, तेही कळलं.

मग वेगळीच धास्ती सुरू झाली. २४८ वर्षांच्या प्रदक्षिणेत प्लूटो १९८९ मध्ये सूर्याच्या सर्वांत जवळ येऊन गेला होता. आता तो लांब जाणार, हवा गोठून खाली बसणार, तेव्हा यान पाठवायचं तर लवकर पाठवा, असं शास्त्रज्ञ म्हणत राहिले. झालं उलटंच. २००२ च्या पिधानात, म्हणजे प्लूटो पुन्हा एका ताऱ्याला झाकून गेला तेव्हा, दाब १९८८ च्या दुपटीच्या घरात गेलेला निघाला! सूर्याच्या अंतरापेक्षा बर्फ कुठे साठलाय आणि त्यावर ऊन किती पडतंय, याला जास्त महत्त्व होतं.

तो साठा १४ जुलै २०१५ ला न्यू होरायझन्स यानाच्या छायाचित्रांत दिसला. प्लूटोवरच्या त्या प्रसिद्ध हृदयाकृतीचा डावा भाग, स्पुटनिक प्लॅनिशिया, म्हणजे सुमारे हजार किलोमीटर रुंदीचं, आजूबाजूच्या प्रदेशापेक्षा काही किलोमीटर खोल असलेलं खोरं, नायट्रोजनच्या बर्फाने भरलेलं. तिथल्या हवेचा दाब आपल्या समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या जेमतेम एक लाखांश.

इतक्या विरळ हवेत वारा तो काय असणार, असं वाटेल. पण २०२० मध्ये ग्रहशास्त्रज्ञ तांगी बर्त्रां आणि सहकाऱ्यांनी संगणकीय प्रारूपातून मांडलेलं चित्र भलतंच रंजक आहे. खोऱ्याच्या उत्तर भागात उन्हाने बर्फाचा थेट वायू होतो, तो विषुववृत्त ओलांडून दक्षिण भागात जातो आणि तिथे पुन्हा गोठतो. विषुववृत्ताजवळची जमीन उत्तरेकडच्या जमिनीपेक्षा वेगाने फिरते, त्यामुळे तिथे पोचलेली हवा मागे पडते. परिणामी प्लूटोचं जवळजवळ सगळं वातावरण त्याच्या फिरण्याच्या उलट दिशेला वाहतं. खोऱ्याच्या पश्चिम कडेला उंच भूभाग असल्यामुळे जमिनीलगतचा वारा तिथे दाटतो आणि जोर धरतो. आपल्या मोसमी वाऱ्यांचा झोत सोमालियाच्या किनाऱ्याला चिकटून वाहतो, तसाच. प्रारूपातला हा बर्फ काढून टाकला की चित्र पालटतं. याच पश्चिम कडेला, अल् इद्रिसी पर्वतांच्या पायथ्याशी, मिथेनच्या बर्फकणांच्या असाव्यात अशा टेकड्यांच्या रांगा २०१८ मध्ये ओळखल्या गेल्या. वाळवंटातल्यासारख्याच, ओळीने.

हवा गोठण्याची शंका मात्र पुरती गेली नाही. २०१९ च्या एका पिधानावरून दाब झपाट्याने घसरल्याचा दावा झाला. पुढच्याच वर्षी, ६ जून २०२० ला, नैनितालजवळच्या देवस्थळ इथून ३.६ मीटर आणि १.३ मीटरच्या दुर्बिणींनी आणखी एक पिधान टिपलं. त्यात दाब सुमारे १२ मायक्रोबार (आपल्या समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या साधारण एक लाखांश) भरला, म्हणजे २०१५ पासून जवळपास आहे तिथेच. बर्फाच्या हिशेबावर चालणाऱ्या प्रारूपांनीही साधारण हेच सांगितलं होतं.