ब्रीफिंग सकाळी, टाइम-आउट टेबलावर

कोल्हापुरातल्या कुठल्याही बऱ्यापैकी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, विचारा, "ब्रीफिंग होतं का तुमच्याकडं?" उत्तर ठरलेलं असतं: "होतं की! प्रत्येक केसला टाइम-आउट घेतो आम्ही." म्हणजे होत नाही.

टाइम-आउट सगळ्यांना पाठ आहे. भूल दिलेली, ड्रेपिंग (पेशंटवर निर्जंतुक कापड पांघरणं) झालेलं, ब्लेड हातात यायच्या आधी सगळ्यांनी थांबायचं. नाव, ऑपरेशन, बाजू मोठ्यानं म्हणायची. अँटिबायोटिक गेल्या 60 मिनिटांत गेलंय का, एक्स-रे समोर लावलाय का. जागतिक आरोग्य संघटनेनं 2008 साली काढलेल्या 19 मुद्द्यांच्या चेकलिस्टचा हा मधला टप्पा. आधी, भूल देण्यापूर्वी, साइन-इन; शेवटी, पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी, साइन-आउट. मिनिटाभराचं काम.

ब्रीफिंग हा त्या कागदावरचा टप्पाच नव्हे. ब्रिटननं 2010 साली या तीन टप्प्यांच्या आधी ब्रीफिंग आणि शेवटी डीब्रीफिंग (दिवस संपल्यावरची उजळणी) जोडून पाच पायऱ्या केल्या. ब्रीफिंग होतं ते सकाळी, पहिला पेशंट आत घ्यायच्या आधी, दिवसाच्या सगळ्या यादीवर. सर्जन, भूलतज्ज्ञ, स्क्रब सिस्टर (टेबलावर हत्यारं देणारी), टेक्निशियन, आणि हो, पेशंट आणणारे मामासुद्धा.

आता घोळ कुठं होतो ते. टाइम-आउटच्या चौकटीतच एक रकाना आहे: सर्जननं अवघड टप्पे, लागणारा वेळ आणि अपेक्षित रक्तस्राव सांगायचा, भूलतज्ज्ञानं पेशंटची काळजीची बाब सांगायची, सिस्टरनं साहित्याची अडचण सांगायची. हा रकाना वाचून लोकांना वाटतं, चर्चा इथंच उरकली. पण तिथं सकाळी ठरलेलं फक्त पुन्हा म्हणायचं असतं. टाइम-आउट विचारतो, "ठरल्याप्रमाणंच आहे ना?" ब्रीफिंग विचारतं, "ठरल्याप्रमाणं झालं नाही तर काय करायचं, आणि त्याला लागणारी वस्तू कुठं आहे?" पहिल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर येतं. दुसऱ्याचं उत्तर देताना कुणीतरी फोन उचलतं.

खुब्याचं हाड मोडलेल्या आजी घ्या. अर्धा सांधा बदलायचाय, सिमेंट वापरून. सकाळी एक्स-रेवर मोजलं, हाडाच्या डोक्याचं (वरच्या गोल टोकाचं) माप 41 येतंय. सिस्टर म्हणते, "सर, आलेला कृत्रिम सांध्याचा सेट 43 पासून पुढंच आहे." वेळ सकाळी साडेआठची. सांगलीहून दुसरा सेट मागवा, आजींचा नंबर तिसरा करा, मिटलं. हेच टाइम-आउटला कळलं तर? स्पायनल (पाठीत टोचून कमरेखालचा भाग बधिर करणारी भूल) दिलेलं, आजी कुशीवर, आणि स्पायनलचा असर दोन-अडीच तासांचा. सेट पुण्याहून निघाला असेल तर खंबाटकी घाटाच्या कृपेवर. आला तरी तसाच टेबलावर घेता येत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) 134 अंशांवर धरायचा वेळ तीन-चार मिनिटांचाच. पण धुणं, पॅकिंग, वाळवणं, थंड होणं यात दोन-तीन तास कुठं गेले कळत नाही. मग कुणीतरी हळूच "फ्लॅश करू" म्हणतं. शरीरात कायम राहणारी वस्तू घाईच्या सायकलमधून काढून बसवायची म्हणजे जंतुसंसर्गाला आवतण.

त्याच आजींचं भूलतज्ज्ञाच्या बाजूनं बघा. सिमेंट हाडात जाताना रक्तदाब धाडकन उतरू शकतो. हे सकाळी माहीत असेल तर रक्तदाब वाढवणारं औषध सिरिंजमध्ये भरून तयार राहतं आणि सिमेंट भरण्याआधी सर्जन आवाज देणार हेही ठरतं. आजींना क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर ते बंद करून स्पायनलआधी साधारण 5 ते 7 दिवसांचं अंतर लागतं. खुब्याचं ऑपरेशन तेवढं थांबवत नाहीत. मग जनरल भूल, आणि तिची तयारी वेगळी. फिजिशियनचा "फिट फॉर सर्जरी" शिक्का यातलं काहीच सांगत नाही. त्या शिक्क्याला नियोजन म्हणणं हा तिसराच घोळ. त्यात आज शिरत नाही.

आमची साधी कसोटी अशी: टाइम-आउटला एखादी नवी गोष्ट कळली, तर सकाळी ब्रीफिंग झालं नव्हतं. भले सह्या झाल्या असोत.

सह्यांवरून आठवलं. संध्याकाळी एकाच पेनानं, एकाच तिरक्या रेघेत मारलेले दिवसभराचे टिक ओळखू येतात. आणि साइन-इनला "तुम्ही पाटीलच ना?" हा प्रश्न कायमचा बंद करा. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो, आणि आपल्याकडं यादीत दोन पाटील असणं यात नवल ते काय. "नाव सांगा, कुठला पाय, काय करणार आहेत?" असं विचारा आणि त्यांना बोलू द्या. तालमीतला गडी गुडघ्याच्या लिगामेंटसाठी येतो तेव्हा बहुतेकदा दोन्ही गुडघे दुखरेच असतात. खूण सर्जननं स्वतः, पेशंट जागा असताना करायची, आणि ड्रेपिंगनंतरही दिसेल अशी. त्याच केसला टूर्निके (मांडीला बांधून रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) फुगवायच्या आधी अँटिबायोटिक पूर्ण गेलेलं हवं. नंतर दिलेलं पायात पोचत नाही.

"आमचे भूलतज्ज्ञ तीन हॉस्पिटलं फिरतात, सकाळी कुठनं येणार?" ही तक्रार खरी आहे. राजारामपुरीतून शाहूपुरीत पोचेपर्यंत दुसरा फोन आलेला असतो. मग फोन स्पीकरवर ठेवा. चार केसच्या यादीला पाच-सात मिनिटं पुरतात. मात्र सिस्टर त्या फोनजवळ हवी. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघंच कारमधून बोलले तर 43 नंबरची गोष्ट कोण सांगणार?

आणि दुपारी यादीचा क्रम बदलला, की उरलेल्या केसचं ब्रीफिंग पुन्हा. फळ्यावर नुसता बाण काढून चालत नाही. सेट जुन्याच क्रमानं उघडले जातात.