फ्रेंच टिश्यू स्टिरिओ कार्डे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः पॅरिसमध्ये तयार झालेली, पातळ कागदावर छापून मागच्या बाजूने रंगवलेली त्रिमितीय छायाचित्रे. कार्डाचा आकार साधारणपणे ८.५ × १७.५ सेंमी. असतो. उजव्या व डाव्या डोळ्यासाठी एकाच दृश्याची दोन छायाचित्रे शेजारी बसवलेली असतात. स्टिरिओस्कोप या दोन डोळ्यांनी पाहायच्या उपकरणातून पाहिले की ती एकरूप होऊन दृश्याला खोली येते.

चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आरशांचा स्टिरिओस्कोप मांडला. डेव्हिड ब्रूस्टर यांचे भिंगांचे सुटसुटीत उपकरण १८४९ चे. ते बनवायला ब्रिटनमध्ये उत्पादक मिळेना, म्हणून ब्रूस्टर १८५० मध्ये पॅरिसला गेले आणि झ्यूल द्यूबॉस्क यांनी ते तयार केले. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनात ते गाजले. पॅरिस या धंद्याचे केंद्र का झाले, याचे बरेचसे उत्तर या घटनेत मिळते.

रचना : अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या अतिशय पातळ कागदावर चित्र छापत. त्याच्या पाठीवर जलरंग भरून मागे आणखी एक टिश्यू कागद लावीत व हे सारे दोन खिडक्या कापलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीत चिकटवीत. समोरून उजेड पडला की चित्र एकरंगी दिसते. मागून उजेड आला की रंग उमटतात आणि दिवसाची रात्र होते. झुंबरांतल्या मेणबत्त्या किंवा रस्त्यावरचे दिवे लुकलुकावेत म्हणून तेवढ्या जागी टाचणीने भोके पाडलेली असतात. म्हणून ही कार्डे पाहायला ब्रूस्टर पद्धतीची, मागे दुधी काच असलेली पेटी हवी. जाड पुठ्ठ्यावरच्या चित्रांसाठी प्रचारात आलेल्या उघड्या अमेरिकी दर्शकात मागच्या उजेडाची सोय नसते. त्यातून ही कार्डे पाहणाऱ्याला त्यांचे अर्धे रूपच दिसते.

आद्याक्षरांचा प्रश्न : बहुतेक कार्डांवर छायाचित्रकाराचे नाव नसते, असलीच तर दोन-तीन अक्षरे. ‘बी. के.’ हे दोन भागीदार असावेत असे वाटते, पण ही अक्षरे प्रकाशक अडॉल्फ ब्लॉक यांची, त्यांच्या आडनावाचे पहिले व शेवटचे अक्षर घेऊन केलेली, असे आता सर्वसाधारणपणे मानतात. ‘जी. ए. एफ.’ ही खूण फ्लोराँ ग्रो यांची मानली जाते. ‘एल. एल.’ बद्दल मतभेद अधिक रेंगाळला. काही जुन्या लिखाणांत ती लुई किंवा ल्यूसियाँ लेव्ही अशी उलगडली आहेत. मात्र लेआँ व लेव्ही या भागीदारीची ती आद्याक्षरे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या पेढीने १८६४ मध्ये फेरिए व सूलिए यांचा व्यवसाय घेतला. काचेवरच्या स्टिरिओ चित्रांसाठी नावाजलेल्या त्या व्यवसायाच्या निगेटिव्ह पुढेही छापल्या जात राहिल्या. परिणामी खूण सांगते ती प्रकाशकाची, आणि दृश्य सांगते ते निगेटिव्हचे वय. कार्ड केव्हा छापले हे दोन्हींतून कळत नाही. पॅरिसमधला तुइलरीचा राजवाडा मे १८७१ मध्ये जळाला, म्हणून त्याच्या शाबूत दालनांची निगेटिव्ह त्याआधीची, इतकेच खात्रीने म्हणता येते. विक्रेत्यांच्या याद्यांत मात्र असे कार्डही सर्रास ‘१८६५ चे’ म्हणून येते.

दियाब्लेरी : मातीचे छोटे पुतळे मांडून टिपलेली नरकाची दृश्ये. सु. १८६० पासून ही मालिका निघू लागली. अबेर, एनेतिए व कून्यी हे तिचे प्रमुख शिल्पकार. काही देखाव्यांत त्यांची नावे मातीतच कोरलेली दिसतात. लामिश, मारिनिए व ब्लॉक हे प्रकाशक. सांगाड्यांच्या डोळ्यांना भोके पाडून लाल जिलेटीनचा पारदर्शक तुकडा लावलेला असे, त्यामुळे मागून प्रकाश येताच डोळे पेटतात. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या राजवटीवरील टीका म्हणून या दृश्यांकडे पाहण्याकडे अभ्यासकांचा कल आहे. काही चित्रांत ती स्पष्ट आहे. प्रत्येकच चित्रात ती शोधणे ओढूनताणून होते.

इतर निर्माते : फ्युर्न व तूर्निए (ब्रिटनीच्या प्रवासाची दृश्ये), एर्नेस्ट लामी, इपोलित जूवँ (पॅरिसच्या रस्त्यांची क्षणचित्रे), झाँ आंद्रिए (१८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतरचे भग्नावशेष). झ्यूल रिशार यांचा व्हेरास्कोप कॅमेरा १८९३ मध्ये आल्यावर ४५ × १०७ मिमी. काचपट्ट्यांवर हौशी लोक स्वतःच चित्रे घेऊ लागले. त्यांचा संग्रह हा वेगळा विषय आहे.

संग्रह : कार्ड विकत घेण्यापूर्वी ते उजेडासमोर धरून पाहावे. टिश्यूची चीर समोरून लपते, मागून लपत नाही. जिलेटीन नवे बसवलेले असल्यास त्याचा लाल रंग बाकी चित्रापेक्षा ताजा दिसतो. दुसऱ्याच्या कार्डाचे पुन्हा छायाचित्र घेऊन केलेल्या चोरट्या प्रती त्या काळातही निघत. त्यांत बारकावे पुसट होतात व सावल्या काळ्याठिक्कर पडतात. मागचा कागद सोलून रंगकाम पाहण्याचा मोह अनेक कार्डांच्या मुळावर आला आहे. तो थर कार्डाचाच भाग आहे, त्याला हात लावू नये. रंग भरणाऱ्यांची, भोके पाडणाऱ्यांची नावे कार्डांवर आढळत नाहीत. एकाच दृश्याच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर त्यांचे हात तेवढे वेगळे ओळखता येतात.