पंपाला शेवटचं कुणी सांगितलं?

ठिबकाच्या स्वयंचलित नियंत्रकाची जाहिरात हल्ली ‘एआय’ या शब्दाशिवाय पूर्ण होत नाही. वरुड-मोर्शीचा संत्रा उत्पादक त्या शब्दाचे जादा पैसे मोजतो आणि पंप भलत्या वेळी सुरू झाला की म्हणतो, “मशीन बिगडली भाऊ, टाइमच नाई घेऊन राहिली.” कुणी पेटीला लिंबू-मिरचीही बांधतं. पैसे वाया, लिंबूही वाया. बहुतेकदा मशीन बिघडलेली नसते. तिला जे सांगितलं, तेच तिने केलेलं असतं.

असं सॉफ्टवेअर एकसंध नसतं. ओलावा मोजणारा भाग वेगळा, व्हॉल्व्ह उघडणारा वेगळा, मोबाइलवर मेसेज पाठवणारा वेगळा. या प्रत्येक भागाला मॉड्यूल म्हणतात. हे मॉड्यूल लिहिणाऱ्याला तुमची बाग ठाऊक नसते. आंबिया बहार धरायचा तर ताण, म्हणजे झाडाचं पाणी तोडणं, हिवाळ्यात; मृग धरायचा तर उन्हाळ्यात. त्यात कृषिपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. हे प्रोग्राममध्येच पक्कं लिहिलं तर बहार बदलला की प्रोग्राम बदलणं आलं. म्हणून बदलत्या गोष्टी बाहेर, साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवतात: ‘सुरुवात = ०६:३०’, ‘किमान ओलावा = ३५’. हीच कॉन्फिगरेशन फाईल.

खरी गंमत पुढे आहे. एकाच गोष्टीची किंमत, म्हणजे ‘=’ पुढे लिहिलेला आकडा किंवा मजकूर, अनेक ठिकाणी लिहिलेली असू शकते: प्रोग्रामच्या पोटात मूळ किंमत, त्यावर कंपनीची फाईल, त्यावर तुमची, आणि सगळ्यांवर प्रोग्राम सुरू करताना दिलेली आज्ञा. ग्रामपंचायतीच्या फलकावर जुन्या कागदावर नवा चिकटवतात तसंच हे. झाकलं तेवढं नवं वाचायचं, उघडं राहिलं ते जुनंच. त्यामुळे तुम्हाला शंभर ओळी लिहाव्या लागत नाहीत. जी बदलायची ती एकच ओळ पुरते. संगणकशास्त्रात इतकी काटकसरी कल्पना मला दुसरी दिसत नाही.

पण क्रम कोण ठरवतं? लिनक्स या संगणकप्रणालीत कर्नलच्या, म्हणजे तिच्या गाभ्याच्या, सेटिंगचं एक फोल्डर असतं. त्यातल्या फाईलींची नावं ‘१०-’, ‘५०-’, ‘९९-’ अशी सुरू होतात, त्या शब्दकोशाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि शेवटी वाचलेली किंमत टिकते. मात्र इथे आकडे संख्या म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून लावतात. ‘९’ हे अक्षर ‘१’ आणि ‘५’ यांच्यानंतरचं, म्हणून ‘९-बाग’ ही फाईल ‘५०-बहार’च्या नंतर वाचली जाते आणि तिच्यावर कुरघोडी करते. ‘०९-बाग’ लिहिलं की प्रश्न मिटला. दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रामचा नियम नेमका उलटा: पहिली सापडलेली किंमत पक्की, म्हणून तिथे विशिष्ट ओळी वर आणि सर्वसाधारण खाली. आणि किंमत म्हणजे एक आकडा नसून अख्खा तक्ता असेल तर? काही प्रोग्राम दोन्ही तक्ते ओळीओळीने एकत्र करतात, काही जुना तक्ता सरळ टाकून देतात. दुसऱ्या प्रकारात तुम्ही तिसऱ्या व्हॉल्व्हची फक्त वेळ लिहिली, तर त्याचा दाब नाहीसा होतो.

लिहिण्याच्या पद्धतीचेही सापळे असतात. कॉन्फिगरेशन फाईल लिहिण्याच्या यॅमल या प्रकाराच्या १.१ आवृत्तीत २२:३० अवतरणचिन्हांविना लिहिलं तर ती साठच्या पायावरची संख्या मानली जाते: २२ × ६० + ३० = १३५०. ०६:३० शून्याने सुरू होतं, म्हणून ते मजकूरच राहतं. म्हणजे सकाळची पाळी बिनचूक आणि रात्रीची गडबडलेली! २००९ च्या १.२ आवृत्तीत हा नियम गेला, पण जुन्या नियमाने वाचणारे प्रोग्राम अजून वापरात आहेत.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या अशाच एका फाईलने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. नव्या फाईलला एकविसावी किंमत तपासायची होती, प्रोग्राम वीसच पुरवत होता. मॉड्यूलने वाचलेली प्रत्येक किंमत आधी तपासायला हवी, ती याचसाठी.

फाईल दुरुस्त केल्यावरही पंप जुन्याच वेळी सुरू झाला तर घाबरू नका. अनेक प्रोग्राम फाईल फक्त सुरू होताना वाचतात. युनिक्स (लिनक्स ज्या घराण्यातली ती प्रणाली) परंपरेतल्या कित्येक सेवा, म्हणजे मागे सतत चालणारे प्रोग्राम, ‘हँगअप’ हा संकेत मिळताच ती पुन्हा वाचतात. ज्यांत ही सोय नाही, त्या बंद करून पुन्हा चालू कराव्या लागतात.